रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघ : हद्दी, फेररचना आणि निकालांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मतदारसंघ नेमका कुठून कुठपर्यंत आहे?

लोकसभेच्या यादीत याचा क्रमांक ४६. यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात : चिपळूण (२६५), रत्नागिरी (२६६), राजापूर (२६७), कणकवली (२६८), कुडाळ (२६९) आणि सावंतवाडी (२७०). पहिले तीन रत्नागिरी जिल्ह्यातले, पुढचे तीन सिंधुदुर्गातले. सगळे सर्वसाधारण, एकही राखीव नाही.

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. घाट चढून गेलात की सातारा, हातकणंगले किंवा कोल्हापूर लोकसभेत पोचता. दक्षिणेला उत्तर गोवा, आणि दोडामार्गच्या बाजूला कर्नाटकातला बेळगाव जिल्हा. गोव्याच्या बाजूला तेरेखोल नदी म्हणजेच हद्द असं बरेचजण धरून चालतात, ते पूर्ण खरं नाही. तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडतात, त्यामुळे तिथला मतदार उत्तर गोव्याचा. उत्तरेला रायगड लोकसभा लागते. खरा गोंधळ सुरू होतो तो या उत्तरेच्या हद्दीवर.

नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे, म्हणजे दोन्ही जिल्हे पूर्ण आले ना?

नाही. सिंधुदुर्ग पूर्ण आला, रत्नागिरी नाही. दापोली (२६३) आणि गुहागर (२६४) हे विधानसभा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यातले असूनही रायगड लोकसभेत आहेत. तालुक्यांच्या भाषेत सांगायचं तर मंडणगड, दापोली, खेड आणि गुहागर हे तालुके रायगडला मतदान करतात, आणि चिपळूण तालुक्यातली जी गावं गुहागर विधानसभेला जोडली आहेत तीही. म्हणजे एकाच चिपळूण तालुक्यातल्या दोन गावांचे खासदार वेगळे असू शकतात. खेडचा माणूस दाखल्यासाठी, जिल्हा परिषदेसाठी, जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं तर रत्नागिरीला येतो, पण लोकसभेचा त्याचा अर्ज-तक्रारींचा निवडणूक निर्णय अधिकारी अलिबागला बसतो.

तालुका आणि विधानसभा मतदारसंघ यांची जुळणी कशी आहे?

सिंधुदुर्गात हे सरळ आहे, आठ तालुके तीन मतदारसंघांत न तोडता बसवले आहेत. कणकवली, देवगड आणि वैभववाडी मिळून कणकवली. कुडाळ आणि मालवण मिळून कुडाळ. सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग मिळून सावंतवाडी.

रत्नागिरीत तसं नाही. खेड तालुका दापोली आणि गुहागर यांच्यात विभागलेला. चिपळूण तालुका चिपळूण आणि गुहागर यांच्यात. सगळ्यात जास्त तुकडे झाले ते संगमेश्वरचे. त्याचा एक भाग चिपळूणला, एक रत्नागिरीला आणि साखरप्याकडचा राजापूरला. म्हणून बातम्यांत ‘चिपळूण-संगमेश्वर’, ‘रत्नागिरी-संगमेश्वर’ आणि ‘राजापूर-लांजा-साखरपा’ अशी तीन जोडनावं वाचायला मिळतात. अधिकृत नावं मात्र फक्त चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर. संगमेश्वरच्या मतदारासाठी दिलासा इतकाच की हे तिन्ही तुकडे एकाच लोकसभेत आहेत. आमदार वेगळा निघाला तरी खासदार एकच.

जिल्हा असा मधूनच का तोडला?

राजकीय कारणं शोधणारे खूप भेटतात, पण आधी साधं गणित करून पाहा. २००२ च्या परिसीमन (मतदारसंघ फेररचना) कायद्याखाली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरली. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ९,६८,७८,६२७. विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका जागेमागे सरासरी ३,३६,३८४ माणसं. आता जिल्हे घ्या :

रत्नागिरी १६,९६,७७७ म्हणजे ५.०४ जागा, मिळाल्या ५.
सिंधुदुर्ग ८,६८,८२५ म्हणजे २.५८ जागा, मिळाल्या ३.
रायगड २२,०७,९२९ म्हणजे ६.५६ जागा, मिळाल्या ७.

राज्यात लोकसभेच्या ४८ जागा, म्हणून प्रत्येक लोकसभेत बरोब्बर सहा विधानसभा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठ होतात, दोन उरतात. दक्षिणेला गोवा, पूर्वेला घाट. उरलेल्या दोन जागा ढकलायला उत्तरेखेरीज दिशाच नव्हती. त्या रायगडला गेल्या. पण रायगडच्या स्वतःच्याच सात, दोन धरून नऊ. मग तिथल्या पनवेल, कर्जत आणि उरण या तीन जागा काढून पुणे जिल्ह्यातल्या मावळ, चिंचवड आणि पिंपरीला जोडल्या आणि मावळ हा मतदारसंघ उभा राहिला. रायगडमध्ये राहिल्या पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड आणि आलेल्या दापोली, गुहागर. झाल्या सहा. उरणचा मच्छीमार आणि चिंचवडचा कामगार एकाच खासदाराचे मतदार का, याचं उत्तर अशा रीतीने सिंधुदुर्गाच्या टोकापासून सुरू होतं.

विधानसभेसाठी आयोग जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, लोकसभेसाठी ओलांडतो, हा नियम लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप सुटतं.

नवी रचना कधीपासून लागू झाली?

राष्ट्रपतींची अधिसूचना १९ फेब्रुवारी २००८ ची. महाराष्ट्रात तिच्यावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती २००९ च्या लोकसभेची, आणि त्याच वर्षी विधानसभेची.

फेररचनेच्या आदेशात हद्दी तालुका, महसूल मंडल, सजा (तलाठ्याचं कार्यक्षेत्र) आणि नगरपरिषद अशा शब्दांत लिहिलेल्या आहेत आणि त्यासाठी १५ फेब्रुवारी २००४ रोजी जी प्रशासकीय रचना होती ती धरली आहे. इथे लोक हमखास फसतात. त्या तारखेनंतर नवीन मंडल किंवा सजा झाला, गाव एका सजातून दुसऱ्यात गेलं, तरी मतदारसंघ बदलत नाही. आजच्या सातबारावरचा सजा पाहून मतदारसंघ ठरवलात तर चुकण्याची शक्यता आहे. मतदार यादी पाहा, ती शेवटचा शब्द.

२००९ च्या आधी इथे काय होतं?

दोन वेगळे लोकसभा मतदारसंघ : रत्नागिरी आणि राजापूर. ढोबळमानाने रत्नागिरी म्हणजे जिल्ह्याचा उत्तर आणि मधला पट्टा. राजापूर म्हणजे दक्षिणेचा, ज्यात पुढे १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झालेला प्रदेशही होता. त्याही आधी, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत, मुंबई राज्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा जागा होत्या.

एकूण नकाशे पाच धरायचे : १९५२ चा, १९५७ पासूनचा, १९६७ पासूनचा, १९७७ पासूनचा आणि २००९ पासूनचा. मधला १९७७ ते २००४ हा काळ सगळ्यात लांब, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली होती.

विधानसभेचीही बरीच जुनी नावं २००९ ला पुसली गेली : खेड, संगमेश्वर, मालवण, देवगड, वेंगुर्ला. खेडची जागा गेल्याचा फटका लगेच दिसला. तिथून १९९० पासून निवडून येणारे रामदास कदम २००९ ला गुहागरमधून उभे राहिले आणि भास्कर जाधवांकडून हरले.

जुन्या राजापूर मतदारसंघातून कोण कोण निवडून आलं?

१९५७, १९६२ आणि १९६७ ला बॅरिस्टर नाथ पै, प्रजा समाजवादी पक्षाचे. मूळचे वेंगुर्ल्याचे. संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात म्हटल्यानंतर, संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे हे स्पष्ट करणारं अशासकीय विधेयक त्यांनी मांडलं, ते संसदीय इतिहासात त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १८ जानेवारी १९७१ ला ते गेले. पोटनिवडणूक झाली नाही, कारण लोकसभा डिसेंबर १९७० मध्येच विसर्जित झालेली होती आणि निवडणुका तोंडावर होत्या.

मग प्राध्यापक मधू दंडवते : १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९. सलग पाच वेळा. १९७७ ला रेल्वेमंत्री, १९८९ ला अर्थमंत्री. यातला १९८४ चा विजय वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. जनता पक्षाची राज्यातली एकमेव जागा राजापूरची होती.

१९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि १९५७ पासूनची समाजवादी सलगता तुटली. १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. प्रभू पुढे २०१४ ला रेल्वेमंत्री झाले, ते मात्र राज्यसभेतून. ‘राजापूरने दोन रेल्वेमंत्री दिले’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, नोंदीत चालत नाही.

आणि जुन्या रत्नागिरीतून?

१९५२ ला रत्नागिरी उत्तरमधून काँग्रेसचे जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतले सेनानी. दक्षिणेतून मोरेश्वर जोशी, तेही काँग्रेसचे. १९५७ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात, जनसंघाचे प्रेमजी आसर. त्या वर्षी देशभरातून जनसंघाचे फक्त चार खासदार लोकसभेत गेले. बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी त्यांतले एक, रत्नागिरीचे आसर दुसरे.

१९६२ आणि १९६७ ला शारदा मुखर्जी, ज्या पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. १९७१ ला शांताराम पेजे, १९७७ आणि १९८० ला जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, १९८४ ला काँग्रेसचे हुसेन दलवाई, १९८९ आणि १९९१ ला काँग्रेसचेच गोविंदराव निकम. १९९६ पासून २००४ पर्यंत चारही वेळा शिवसेनेचे अनंत गीते.

गीते रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार होते का?

कधीच नव्हते. फेररचनेनंतर ते रायगडला गेले आणि २००९ व २०१४ ला तिथून निवडून आले. २०१४ ला सुनील तटकऱ्यांविरुद्ध फक्त २,११० मतांनी. २०१९ आणि २०२४ ला तटकऱ्यांनी ती जागा घेतली. दापोली-गुहागरच्या जुन्या मतदारांना मात्र २००९ ला काही बदललंसं वाटलंच नसेल : मतदारसंघाचं नाव बदललं, खासदार तोच राहिला.

२००९ पासूनचे निकाल काय सांगतात?

२००९ : काँग्रेसचे नीलेश राणे ३,५३,९१५, शिवसेनेचे सुरेश प्रभू ३,०७,१६५. फरक ४६,७५०. नीलेश यांचे वडील नारायण राणे २००५ ला शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते, त्यानंतरची ही इथली पहिली लोकसभा.

२०१४ : शिवसेनेचे विनायक राऊत ४,९३,०८८, नीलेश राणे ३,४३,०३७. फरक १,५०,०५१.

२०१९ : राऊत ४,५८,०२२, महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून नीलेश राणे २,७९,७००. फरक १,७८,३२२. काँग्रेसचा उमेदवार ६३ हजारांच्या आसपास थांबला. अनामत वाचवायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, म्हणजे इथे साधारण दीड लाख. ती अर्थातच गेली.

२०२४ : मतदान ७ मे, मोजणी ४ जून. भाजपचे नारायण राणे ४,४८,५१४, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे विनायक राऊत ४,००,६५६. फरक ४७,८५८. हा निकाल जिल्ह्याच्या सीमेवर दुभंगलेला आहे. चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे, तर कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. सिंधुदुर्गातलं मताधिक्य जास्त भरलं, एवढंच. आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. १९९६ पासून दर लोकसभेला या किनाऱ्यावरच्या मतपत्रिकेवर किंवा मतदान यंत्रावर असलेला धनुष्यबाण त्या वर्षी इथे नव्हता, शेजारच्या रायगडातही नव्हता. राऊत आणि गीते दोघेही मशालीवर लढले.

२००४ आणि २००९ ची तुलना करून ‘मतं घटली’ म्हणता येईल का?

नाही, आणि तरीही दर निवडणुकीला कुणीतरी करतंच. २००४ चा राजापूर किंवा रत्नागिरी हा भूभागच २००९ ला शिल्लक नाही. विधानसभानिहाय बेरीज करून जुळवू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण आतले विधानसभा मतदारसंघही मोडून नव्याने जोडले. राजापूर, रत्नागिरी, चिपळूण ही नावं टिकली, हद्दी नाहीत. जुळवायचंच असेल तर मतदान केंद्राच्या पातळीवर उतरावं लागतं. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका मात्र एकाच नकाशावरच्या, त्या बिनधास्त शेजारी ठेवाव्यात.

जुन्या सरकारी आकडेवारीत आणखी एक खाचखळगा आहे. १९७७ ला जनता पक्षाचे उमेदवार औपचारिकरीत्या भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, त्यामुळे दंडवते आणि परुळेकरांच्या नावापुढे त्या वर्षी लोकदल दिसतं. पक्षांतर झालेलं नाही.

माझ्या गावात कुणाला किती मतं पडली हे कुठे मिळेल?

‘नमुना २०’ मध्ये. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो विधानसभानिहाय असतो आणि त्यात मतदान केंद्रागणिक प्रत्येक उमेदवाराची मतं दिलेली असतात. पाहताना :

आधी आपल्या केंद्राचा क्रमांक त्याच वर्षीच्या यादीतून काढा. केंद्रांची फेररचना होते, २०१९ चं ११२ नंबर केंद्र २०२४ ला ११२ नंबरच असेल असं नाही. दुसरं, सहाही विधानसभांची बेरीज जाहीर झालेल्या एकूण मतांपेक्षा कमी भरली तर दचकू नका. टपाली मतं विधानसभांच्या तक्त्यात नसतात, ती लोकसभेच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे रत्नागिरीत, वेगळी मोजून शेवटी मिळवली जातात. तिसरं, कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे एका केंद्रावर तीन-चार वाड्या किंवा दोन लहान गावं असू शकतात. ‘आमच्या वाडीने अमुक मतं दिली’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडे बहुतेक वेळा केंद्राचाच आकडा असतो.

माझा लोकसभा मतदारसंघ खात्रीने कसा शोधू?

मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक घ्या आणि निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर टाका. विधानसभा, लोकसभा, यादी भाग आणि अनुक्रमांक चारही दिसतात. फोनवर विचारायचं तर १९५०. पोर्टलवर नावाने शोधताना आडनावाची वेगवेगळी लेखनं टाकून पाहा, यादीत आडनावांच्या गमती भरपूर असतात.

लोकसभेची वेगळी मतदार यादी नसते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३ड नुसार विधानसभांच्या याद्या एकत्र केल्या की तीच लोकसभेची यादी. म्हणून गुहागरच्या मतदाराने नाव-दुरुस्तीसाठी अलिबागला जायची गरज नाही, गुहागरचाच मतदार नोंदणी अधिकारी ते करतो.

मुंबईत राहतो, घर गावाला आहे. नाव गावच्या यादीत ठेवता येईल का?

चाकरमान्यांचा हा कायमचा प्रश्न. त्याच कायद्याचं कलम २० म्हणतं की केवळ घराची मालकी किंवा ताबा आहे म्हणून माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. गणपती आणि शिमग्याला येऊन जाणं म्हणजे रहिवास नव्हे. दोन्हीकडे नाव असणं तर उघडच बेकायदा आहे (कलम १७), आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईहून गावी कायमचे परत आलात तर नमुना ८ भरा, त्याने जुन्या ठिकाणचं नाव निघून नव्या ठिकाणी येतं. नमुना ६ फक्त प्रथमच नोंदणी करणाऱ्यासाठी. स्थलांतर करणारे अनेकजण तोच भरतात आणि मग दोन ठिकाणी नाव राहतं, इथेच जास्त घोळ होतो. वेळेचं म्हणाल तर उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, तेव्हा निदान दहा दिवस आधी अर्ज आत गेलेला बरा.

दापोली किंवा गुहागरच्या कामासाठी खासदार निधी कुणाकडे मागायचा?

रायगडच्या खासदारांकडे. वर्षाला ५ कोटी रुपयांच्या या निधीत लोकसभा सदस्याचं कार्यक्षेत्र म्हणजे त्याचा मतदारसंघ, जिल्हा नव्हे. पत्र लिहिताना गाव कुठल्या विधानसभेत येतं ते लिहा. चिपळूण तालुक्यातल्या गावांनी तर आवर्जून, नाहीतर पत्र चुकीच्या कार्यालयात पडून राहतं.

पुढच्या फेररचनेत दापोली-गुहागर परत येतील का?

घटनेच्या सध्याच्या तरतुदीनुसार जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आल्यावर व्हायची आहे. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणना आणि फेररचनेला बांधलेली आहे. तेव्हा एकूण जागा किती असतील यावर सगळं अवलंबून.

तरी २०११ च्या आकड्यांवर जुनंच गणित करून पाहायला हरकत नाही. २००१ ते २०११ दरम्यान राज्य वाढलं आणि हे दोन्ही जिल्हे घटले : रत्नागिरी १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,४९,६५१. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, म्हणजे २८८ जागा धरल्या तर एका जागेमागे ३,९०,१८९. रत्नागिरीच्या वाट्याला ४.१४, सिंधुदुर्गाच्या वाट्याला २.१८. चार आणि दोन, सहा. दोन्ही जिल्हे पूर्ण एका लोकसभेत बसतील, पण आठ आमदारांचे सहा होऊन.